तिच्या करवंटीतले पाच चिंचोके

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, पेडणे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मैदानावर नववीतल्या एका मुलीच्या करवंटीतले पाच चिंचोके मी नोंदीतून वगळले. शेजारच्या रकान्यात कारण लिहिलं : नियमभंग. पाचांपैकी तीन तांबडे होते, एक पांढरा, एक हिरवा.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्याआधी बारा वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. त्या शनिवारचा तास विज्ञान मंडळाचा होता आणि विषय होता नैसर्गिक निवड. हा धडा पुस्तकातून वाचून दाखवला की मुलं दोन वाक्यं पाठ करतात आणि पेपरात तीच लिहितात. म्हणून त्या वर्षी तो मैदानावर घ्यायचं ठरवलं.

साहित्य शाळेतच जमलं. चिंचोके मुलांनी घरून आणले. रंगाचे अर्धवट डबे शिपायाच्या खोलीत पडून होते : पांढरा खिडक्यांचा, हिरवा दारांचा आणि लोखंडी गजांना गंज लागू नये म्हणून देतात तो तांबडा. तिन्ही रंग तेलाचे. मुलांनी प्रत्येक रंगाचे साठ चिंचोके रंगवून वर्तमानपत्रावर दोन दिवस वाळवले. जागाही तयार होती. आदल्या वर्षी बेळगावकडच्या गवंड्यांनी शाळेची कुंपणभिंत बांधली, तेव्हा तासलेल्या चिऱ्यांचा तांबडा चुरा भिंतीलगत पसरून राहिला होता. त्यावर दोरीनं दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद असा चौकोन आखला.

खेळ असा. चौकोनात प्रत्येक रंगाचे वीस, एकूण साठ चिंचोके फेकायचे. ते किडे. सहा मुलं पाखरं. प्रत्येक पाखरानं चौकोनाकडे पाठ करून उभं राहायचं, शिट्टी झाली की वळायचं, जो किडा पहिल्यांदा दिसेल तो उचलून करवंटीत टाकायचा आणि पुन्हा पाठ करायची. असं पाच वेळा. सहा पाखरांनी तीस किडे खाल्ले की तीस उरतात. उरलेल्या प्रत्येकाला त्याच्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं, म्हणजे डब्यातून, ते संपले तर खाल्लेल्यांतून, त्याच रंगाचा एक चिंचोका घेऊन चौकोनात टाकायचा. पुन्हा साठ झाले की दुसरी पिढी सुरू.

पाखरं कोण होणार याला महत्त्व होतं. दोन आठवड्यांनी डिचोलीतल्या एका शाळेत आंतरशालेय विज्ञान प्रदर्शन होतं आणि प्रत्येक शाळेतून दोनच मुलं नेता येत होती. या सहा पाखरांतून दोघं जातील आणि नियम मोडणारा बाद होईल, असं मी आठवडाभर आधी वर्गात सांगितलं होतं. पाखरांसाठी नावं द्यायला फळ्याशेजारी कागद लावला. त्यावर पहिलं नाव या मुलीचं होतं. त्याआधी तिनं कुठल्याही स्पर्धेला, सहलीला किंवा कवायतीच्या पथकाला नाव दिल्याचं शाळेच्या दप्तरात आढळत नाही.

ती चोपड्याची, शापोरा नदीकाठच्या गावातली. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची, एरवी बोलायची नाही.

पहिल्या शिट्टीला पाच मुलं वळली आणि चौकोनावर वाकली. ती वळली, खाली बसली, उजवा हात चुऱ्यात घातला आणि तोंड वर करून रस्त्याकडे बघू लागली. बोटं चुऱ्यात फिरत होती. मग हात बाहेर आला, त्यात चिंचोका होता. पाचही वेळा तिनं असंच केलं.

हे पहिल्यांदा पाहिलं वर्गाच्या मॉनिटरनं. तोही पाखरू होता आणि त्याचे पाच वेचून झाले होते.

"सर, ही बघताच नाय," तो म्हणाला. "रस्त्यार बस येता काय ती बघता आणि हातान चाचपता. असां चलता?"

मुलं हसली. एकजण म्हणाला, हिला बसच हवी, डिचोलीची. मी तिला विचारलं की तू बघून उचललेस का. ती म्हणाली, "मी बघूक नाय." याहून जास्त काही सांगितलं नाही. नियम फळ्यावर होता, वर्गासमोर वाचूनही दाखवला होता. मी तिचे चिंचोके मोजून परत चौकोनात टाकले, तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली आणि तिनं पाच उचलले. वगळलेली मुलगी भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. तिची करवंटी तिच्या हातातच होती. ती कुणी मागितली नाही.

पुढचं सगळं सुरळीत झालं. पहिल्या पिढीत पाखरांनी सोळा पांढरे, अकरा हिरवे आणि तीन तांबडे खाल्ले. दुसऱ्या पिढीची सुरुवात आठ पांढरे, अठरा हिरवे आणि चौतीस तांबडे अशी झाली. दुसऱ्या पिढीनंतर पांढरा एकच उरला. तिसऱ्या पिढीत एकही नाही. शेवटच्या मोजणीत अठ्ठावन्न तांबडे होते आणि दोन हिरवे. एका मुलानं विचारलं, पांढऱ्यांना कळलं म्हणून ते तांबडे झाले का. मी सहाही करवंट्या त्याच्यासमोर ओतल्या. पांढरे तिथे होते, पांढरेच. त्यानं एक पांढरा उचलून उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, म्हणजे कोणीच बदललं नाही, नुसते उरले. वहीत उतरवून घेण्यासारखं वाक्य त्या दिवशी तेवढंच झालं आणि ते मी फळ्यावर लिहिलं.

दुपारी एकच्या सुमाराला शिक्षकांच्या खोलीत मी नोंदवही पूर्ण करत होतो. शाळेचा शिपाई खिडक्या बंद करायला आला. तोही चोपड्याचा. पन्नाशी ओलांडलेला, शाळेतल्या निम्म्या मुलांचे आईबाप त्याला माहीत. तासाची हकीकत त्याच्यापर्यंत पोचली होती. त्यानं नोंदवहीत डोकावून 'नियमभंग' हा शब्द वाचला आणि विचारलं, हा मोठा गुन्हा का. मी म्हटलं, गुन्हा नाही, पण ती प्रदर्शनाला जाणार नाही.

"सर, ती तिसऱ्यो काढणाऱ्यांची," तो म्हणाला. "ती बघूची कशी? त्यांका बघूची सवयच नाय."

तिसऱ्यो म्हणजे नदीच्या गाळातले शिंपले, हे मला माहीत होतं. ते मी विकत घेऊन खाल्लेही होते. ते काढतात कसे, हे कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, उद्या सुकती सकाळी आठच्या सुमाराला, येऊन बघा. सुकती म्हणजे ओहोटी. जाता जाता त्यानं जनेलाची, म्हणजे खिडकीची, कडी नीट बसत नाही, ती दुरुस्त करायला हवी, असंही सांगितलं.

रविवारी सकाळी पावणेआठला मी स्कूटरनं चोपड्याला पोचलो. शापोरा नदीचं पाणी मागे गेलं होतं आणि पुलापासून काही अंतरावर सात बायका कमरेइतक्या पाण्यात होत्या. प्रत्येकीच्या कमरेला दोरीनं बांधलेलं प्लॅस्टिकचं घमेलं पाण्यावर तरंगत होतं. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. बायका पायांनी गाळ चाळत होत्या. पायाला काही लागलं की एका बाजूला झुकून हात खाली घालायच्या आणि मूठभर शिंपले घमेल्यात टाकायच्या. हात पाण्यात असताना एकीचीही नजर पाण्याकडे नव्हती. त्या काठाकडे, पुलाकडे, एकमेकींकडे बघत होत्या आणि बोलत होत्या. बोलणं कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल होतं. सोलकढी पाणचट होती यावर एकमत झालं होतं.

सातांतली एक ती मुलगी होती. मला बघून ती थांबली. मग तिच्या आईनं बघितलं.

आई बाहेर आली नाही. पाण्यातूनच बोलली, कारण सुकतीला तासदीड तासच मिळतो. मी काठावरच्या दगडावर उभा होतो. तिनं विचारलं की पोरीनं काय केलं. मी जे घडलं ते सांगितलं : चिंचोके, रंग, नियम. ती ऐकत होती आणि हात चालू होते.

"मास्तरांनू," ती म्हणाली, "डोळ्यांनी सोदल्यार तिसरी गावता? हंय येवन बघा. तुमका तुमचाच तोंड दिसतला."

गावणं म्हणजे सापडणं. बायका हसल्या. एकजण म्हणाली, मास्तरांना पाण्यात उतरवा, पँट वर करायला लावा. आई पुढे म्हणाली की मुलगी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा पाण्यात आली तेव्हा खाली वाकून बघत राहायची. उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यात जायची, आणि नजर खाली राहिली की आपण वाहत कुठे चाललो हे कळायचं नाही. बघणाऱ्या पोरीला सगळ्या जणी चिडवतात. मग ती मान वर ठेवायला शिकते. आता तिला मान खाली घालून शोधता येत नाही, इतकंच.

मी विचारलं, मग तुमच्या हातातून सुटतात ते कुठले शिंपले. रंगाचा काही संबंध आहे का. ती म्हणाली, रंग कोणाला दिसतो. खोल जातो तो सुटतो. एक बोटभर खोल गेला की वाचला. वरवर राहिलेला घमेल्यात.

मी हे नोंदवहीत लिहून घेतलं.

मी निघालो तेव्हा आईनं एक गोष्ट विचारली. तेरा दिवसांनी प्रदर्शन, त्या दिवशी सुकती सकाळी साडेसहाला. मुलीनं घरी आधीच सांगितलं होतं की ती डिचोलीला जाणार, आणि आईनं तिच्या जागी वाड्यावरच्या एका बाईला त्या दिवसापुरतं बोलावून ठेवलं होतं. आता जायचं नसेल तर त्या बाईला वेळेवर नको म्हणून कळवायला हवं. "जाता काय नाय तां माका सांगा," ती म्हणाली. मुलगी एवढा वेळ पाठमोरी होती. तिचे पाय चालत होते, हात थांबले होते.

मी म्हटलं, मंगळवारपर्यंत सांगतो. त्या क्षणी माझ्याकडे फक्त एक निरीक्षण होतं आणि एक मुलाखत. तेवढ्यावर शब्द देणं बरोबर नव्हतं.

सोमवारी विज्ञानाचे दोन तास जोडून होते. सुरुवातीला मी वर्गाला सांगितलं की शनिवारच्या नोंदीत एक चूक आहे आणि ती माझी आहे. वर्तमानपत्रात दुरुस्ती ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर छापायची, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून शनिवारचं पान उघडून, 'नियमभंग' या शब्दावर काट न मारता, त्याच्या शेजारी तीन तांबडे, एक पांढरा, एक हिरवा असे आकडे लाल शाईनं लिहिले आणि पान सगळ्यांना दाखवलं. मग कारण सांगितलं. आपण नियम केला तेव्हा प्रत्येक पाखरू डोळ्यांनी शोधतं असं गृहीत धरलं होतं. हिनं हातानं शोधलं. हातानं शोधणाऱ्यासमोर रंगाचं काय होतं, हे आपण तपासलेलं नाही.

मॉनिटर उभा राहिला. तो प्रामाणिक मुलगा होता आणि त्याचा मुद्दाही खरा होता. तो म्हणाला, नियम चुकीचा असेल, पण त्या वेळी तोच नियम होता आणि तिनं तो मोडला. मी म्हटलं, हो, मोडला. तो म्हणाला, मग ती तेव्हाच का बोलली नाही. वर्ग तिच्याकडे वळला.

ती बसूनच बोलली. "बोलान काय? सांगून कळणां नाय. सर, सगळ्यांचे डोळे बांदून करूया."

मागून कोणीतरी म्हणालं, मॉनिटरचे आधी बांधा, तो फटीतून बघतो. मॉनिटर म्हणाला की आपल्याला फटीची गरज नाही, आपल्याला सगळं दिसतं.

"तू बघतस म्हणान तुका पांढरेच गावतत," ती म्हणाली.

शनिवारी त्याच्या करवंटीत पहिल्या फेरीला चार पांढरे आणि एक हिरवा होता. हे नोंदवहीत होतं आणि वर्गाच्या लक्षातही होतं. हशा बराच वेळ चालला. मॉनिटरही त्यात होता.

आधी ती एकटी. साठ चिंचोके, प्रत्येक रंगाचे वीस. आम्ही ते चुऱ्यावर टाकून वरवर हलवले. तिनं तीस उचलले, मान वर, नजर रस्त्याकडे. रस्त्यावरून या वेळी खरोखरच बस गेली. मोजले : दहा तांबडे, अकरा पांढरे, नऊ हिरवे. नंतर सहा मुलांचे डोळे शाळेच्या टायांनी बांधले. त्यांना वेळ तिच्या तिप्पट लागला आणि दोघांची डोकी आपटली. त्यांचे तीस : नऊ तांबडे, दहा पांढरे, अकरा हिरवे.

पिल्लं दिली. दोन्ही वेळा साठांमध्ये तीन रंग जवळपास सारखेच राहिले. कोणी वाढला नाही, कोणी संपला नाही. शनिवारी ज्या तांबड्याला अठ्ठावन्नपर्यंत नेलं, त्या रंगाला इथे काही किंमत नव्हती. शिकारी बदलला की वाचण्याचं कारण बदलतं, असं मी फळ्यावर लिहिलं. लपणं म्हणजे कोणापासून लपणं, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. बारा वर्षं बातम्या तपासताना हाच प्रश्न रोज विचारला होता, फक्त वेगळ्या शब्दांत.

मग मी तिला तिच्या आईचं म्हणणं वर्गाला सांगायला सांगितलं. ती उभी राहिली आणि एका वाक्यात सांगितलं की खोल गेलेला सुटतो. पुढचा प्रयोग मुलांनी स्वतः मांडला. सगळे चिंचोके तांबडे. तीस चुऱ्यावर, तीस एक बोट खाली. कोणाचं बोट, यावर वाद झाला. शेवटी तिचंच बोट माप म्हणून धरलं, आणि बुधवारी खाली पुरायच्या चिंचोक्यांवर पेन्सिलनं फुली करून तो प्रयोग केला. तिनं तीस उचलले. त्यात बावीस वरचे आणि आठ खालचे निघाले. वाचलेल्यांना पिल्लं दिल्यावर साठांपैकी चव्वेचाळीस खालचे झाले. एका पिढीत. एका मुलीनं विचारलं, म्हणजे नदीतल्या तिसऱ्या दिवसेंदिवस खोल चालल्या आहेत का. मी म्हटलं, हे आपल्याला माहीत नाही. चिंचोक्याचं आपण सांगू शकतो. खोल जाण्याचा स्वभाव पिल्लाला आईबापांकडून मिळतो की नाही, हे कळल्याशिवाय तिसऱ्यांचं सांगता येणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी शिपायाकडून चोपड्याला निरोप गेला होता : मुलगी जाणार. तिच्या जोडीला मॉनिटर. डोळ्यांचा भाग तो सांगणार होता, हातांचा ती. वर्गात याला कोणी हरकत घेतली नाही. मॉनिटरनं आपलं भाषण लिहून आणलं आणि पाठ केलं. त्यात 'तांबडेच जगतात' हे वाक्य तीनदा येत होतं. त्यातलं एक कमी करायला मी सांगितलं, त्यानं ते केलं नाही.

प्रदर्शनाच्या शनिवारी ती साडेसातला बसथांब्यावर होती. आम्ही म्हापशाला बस बदलली आणि सव्वानऊला डिचोलीत पोचलो. सामान तीन वस्तूंचं : गुंडाळलेला तक्ता, करवंट्यांची पिशवी आणि बिस्किटांच्या डब्यात एकशे ऐंशी चिंचोके. चिऱ्याचा चुरा नेला नव्हता. तो जड होता, दोन बसमधून न्यायचा होता आणि माती कुठेही मिळते, असा विचार मी केला. हा निर्णय माझा होता.

यजमान शाळेनं प्रत्येक मांडणीला एक टेबल आणि आम्हाला मागितल्याप्रमाणे दोन मोठे लाकडी ट्रे दिले. माती भरायला तिथल्या दोन मुली मदतीला आल्या. त्यांतली एक खाणीजवळच्या शिरगावची होती. त्यांनी मागच्या फाटकाबाहेरच्या ढिगातून माती आणली. ती बारीक, जड आणि जांभळट काळी होती, मधूनच चकाकणारी. लोहखनिजाच्या खाणीची माती. मी ती बघितली तेव्हा दहा वाजायला पाच मिनिटं होती आणि परीक्षक पहिल्या टेबलापर्यंत आले होते.

मॉनिटरच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं. त्यानं एक तांबडा चिंचोका ट्रेमध्ये टाकला. तो विटेच्या तुकड्यासारखा उठून दिसत होता. त्यानं हिरवा टाकला. शाळेच्या दारांचा तो काळपट हिरवा त्या मातीत बराचसा विरून गेला.

"सर, आता काय सांगू?" त्यानं विचारलं. "माझ्या भाषणात तांबडेच जगतत."

शिरगावच्या मुलीनं ऐकलं. ती म्हणाली, आमच्या इथे नाही जगायचे.

मी दोघांना सांगितलं की भाषण बाजूला ठेवा. खेळ करा, मोजा, जे येईल ते सांगा.

दोन परीक्षक होते. एक महाविद्यालयातले प्राध्यापक, दुसऱ्या निवृत्त शिक्षिका. मॉनिटरनं त्या दोघांना आणि आजूबाजूच्या चार मुलांना पाखरं केलं. परीक्षकांनी पाठ करून उभं राहण्याचा नियम काटेकोर पाळला. खाल्लेले तीस मोजले : तेरा पांढरे, अकरा तांबडे, सहा हिरवे. तक्त्यावर आमच्या शाळेतल्या पहिल्या पिढीचा आकडा मोठ्या अक्षरांत होता : तांबडे फक्त तीन खाल्ले. प्राध्यापकांनी तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं की हे जुळत का नाही.

मॉनिटरनं ट्रेमधली चिमूटभर माती उचलून तक्त्याशेजारी धरली. मग म्हणाला की आमच्याकडची जमीन तांबडी आहे आणि इथली काळी आहे; आमच्याकडे जो वाचला तो इथे वाचला नाही. किडे तेच आहेत. हे भाषणात नव्हतं. प्राध्यापकांनी मान हलवली.

दुसरा ट्रे तिचा. ती स्टुलावर बसली, हात मातीत घातला आणि मान वर केली. समोर खिडकी होती. तीस उचलायला तिला तीन मिनिटंही लागली नाहीत. नऊ तांबडे, अकरा पांढरे, दहा हिरवे. तिनं तक्त्यावरच्या पेडण्यातल्या आकड्यांवर बोट ठेवलं : दहा, अकरा, नऊ. माती बदलली आणि तिच्या रकान्यात जवळपास काही बदललं नाही. हे तिनंच सांगितलं, शाळेत बोलते त्याच मराठीत, सावकाश.

शिक्षिकेनं विचारलं, "डोळे न वापरता शिकार करणारं असं कोण असतं?"

"माझी आई," ती म्हणाली.

मग तिनं नदीबद्दल सांगितलं : गढूळ पाणी, पायांनी चाळणं, बोटभर खोल गेलेली तिसरी. सुकतीच्या वेळी काठच्या चिखलात लांब चोचीचे पक्षी येतात आणि न दिसणारं काही चोच खुपसून काढतात, तेही तिनं सांगितलं. शिक्षिकेनं तिला आपल्या हातानं एकदा करून बघू का असं विचारलं. त्यांनी डोळे मिटले, मातीत हात घातला आणि पहिल्यांदा खडा काढला. दुसऱ्यांदाही खडाच आला. ती म्हणाली, "बाई, बोटं जरा सैल सोडा." तिसऱ्यांदा चिंचोका आला. पांढरा.

ते पुढच्या टेबलाकडे गेल्यावर तिनं माझ्याकडे पेन मागितलं आणि आजचे आकडे तक्त्यावर लिहू का असं विचारलं. मी हो म्हटलं. आमच्या आकड्यांखाली तिनं एक नवी ओळ आखली, तिला 'डिचोलीची माती' असं नाव दिलं आणि डोळ्यांचे तीन आकडे आणि हातांचे तीन आकडे लिहिले. मॉनिटरनं ते ट्रेशी पडताळून पाहिले. मग दोघं करवंट्या धुवायला नळावर गेले. त्यांच्याबरोबर शिरगावची मुलगीही गेली. परत आले तेव्हा तिघांच्या बोलण्यात नदीच्या पाण्याचा विषय चालला होता. खाणीजवळच्या ओहोळाचं पाणी कसल्या रंगाचं असतं हे शिरगावची मुलगी सांगत होती, आणि ही विचारत होती की त्यात तिसऱ्या असतात का.

निकाल साडेतीनला जाहीर झाला. एकूण बावीस मांडण्या होत्या. आमच्या मांडणीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र एकच दिलं गेलं. त्यावर दोघांची नावं वर्णानुक्रमानं आहेत. पहिलं नाव तिचं आहे.